आधी अंदाज, मग तारा

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन आठ महिने झाले आणि पत्र आज लिहितेय, कारण आज जे घडलंय ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

गोष्ट शालूमावशीची. आपल्या ग्वाल्हेरच्या माधवगंजात लग्नांची रुखवतं करून देते ना, ती. तिची वेबसाइट मी केली आणि सर्चमध्ये ती वर आणायचं कामही माझंच. दिसत होती पाचव्या पानावर! लग्नसराईत ऑर्डर आल्या नाहीत तर काम बंद करून भोपाळला लेकाकडे जाईन, असं तिने सांगूनच टाकलं होतं. मी शब्द कोंबले, पानं वाढवली. ढिम्म!

मग कपाट आवरताना तुमची जहाजावरची वही हाती लागली. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, आणि मुक्कामाला आला कुठे, तर ग्वाल्हेरच्या या कोरड्या ठणठणीत लश्कर भागात! वहीत तुमच्या अक्षरात लिहिलंय: आपण कुठे आहोत त्याचा अंदाजाने नकाशावर ठिपका द्या. तिथून तारा किती उंच दिसायला हवा त्याचं गणित करा. मग प्रत्यक्ष मोजा. फरक येईल तो ठिपक्याचा, ताऱ्याचा नव्हे. दोन-तीन ताऱ्यांवर असं केलं की खरी जागा मिळते.

अण्णा, अंगावर काटा आला हो! म्हणजे चुकलेल्या अंदाजातूनच वाट सापडते? आणि त्याही आधीचे खलाशी नुसत्या बोटांनी ध्रुवाची उंची मोजून घरी परतायचे? चारी बाजूंना पाणी, आणि हाताशी फक्त बोटं!

माझंही कामच ते की. सर्च इंजिनच्या पोटात काय चालतं ते कुणाला दिसत नाही. अंदाज करायचा, मोजायचं, फरक बघायचा. मी नुसती फरकावर चिडत होते, ठिपका तपासलाच नव्हता.

आणि ठिपका कुठे दिलेला? पुण्यात! शोधणारी मुलगी शुद्ध मराठीत शोधेल असं धरून मी पानं लिहिली होती. आपल्याकडे असं कोण शोधतं? घरात मराठी बोलणाऱ्या आपल्या मुली मोबाइलवर लिहितात, ‘मराठी शादी में रुखवत का सामान’. मी स्वतः तसंच शोधते! मग मावशी गिऱ्हाइकाशी हिंदी मिसळून बोलते तशी सगळी पानं पुन्हा लिहिली. महिन्याभरात पहिल्या पानावर आलो. आज तिचा फोन आला. “बेटा, तीन लग्नांचं काम मिळालंय. मी नाही जात भोपाळला.”

फोन ठेवला आणि रडले. तुम्ही एकदा विचारलं होतंत, तुझं काम नक्की काय गं? मी स्क्रीनवरून नजरही न काढता म्हटलं, “तुम्हाला नाही कळायचं.” तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि बाड्याच्या चौकात फिरायला निघून गेलात. अख्ख्या ग्वाल्हेरात कळलं असतं तर ते तुम्हालाच! पण तुम्ही तरी गप्प का बसलात? एकदा रागवायचं होतंत की मला.

आता शब्द देते, अण्णा. यापुढे कुणीही विचारलं तर लॅपटॉप मिटून पहिल्यापासून सांगेन. आणि विचारणारं माणूस तुमच्या वयाचं असलं, तर आधी विचारेन, तुम्ही काय काम करत होतात?

तुमचीच,
चिमी