दादाचा खुबा, माझा खुबा

९ नोव्हेंबर २०२४
ऑपरेशन झालं, दवाखान्यातून थेट दादाकडे आले, सिंधीपुऱ्यात. खुब्याची कंडरा फाटली होती – हाडापासून सुटलेली. दादाचीही तीच, त्याचं ऑपरेशन जुलैत झालं. त्याचं दुखायला लागलं आणि महिन्याभरात मशीनमध्ये तपासणी झाली. माझी चार वर्षं गेली. बहादरपुरात, सासरी, सगळे म्हणायचे, "बाईमाणसाची कंबर दुखायचीच." गोळी घ्यायची, केळीत कामाला जायचं. शेवटी दादाच त्याच्या डॉक्टरांना म्हणाला, "माझ्या बहिणीचंही असंच आहे. तिला बघा."

११ नोव्हेंबर
एका खोलीत दोन खाटा – मी आणि दादा. नेपानगरला मिलच्या क्वार्टरमध्ये असेच झोपायचो. भोंगा झाला की बाबा यायचे, अंगाला कागदाच्या लगद्याचा वास. आई पाणी तापवून ठेवायची. दादा म्हणाला, "सगळे नाक धरायचे, तुला तो वास आवडायचा."
आवडायचाच. बाबा आले, असा वास होता तो.

२० नोव्हेंबर
दुखतं. मनीषा – दादाची सून – धरून उठवते, बसवते. "आत्या, टेन्शन नका घेऊ, वजन टाका माझ्यावर."

६ डिसेंबर
दादा चौकातून मावा जिलेबी घेऊन आला. काठीशिवाय! मी अजून वॉकर धरून दारापर्यंत. आज डॉक्टरांना विचारलंच – त्याला ऑपरेशननंतर महिन्याभरात जमत होतं, मला का नाही? म्हणाले, "बायकांमध्ये हे जास्त होतं, दुखतंही जास्त. त्यात तुम्ही उशिरा आलात. पण सुधारणा तुमचीही तेवढीच होईल."
 घरी आल्यावर दादा म्हणाला, "चांदनी गावी मामाकडे शर्यत लावायचो, स्टेशनपर्यंत. तूच जिंकायचीस."
खरंच जिंकायचे. परकर खोचून, अनवाणी. लग्नानंतर कधी पळालेच नाही.

२ जानेवारी
दादाचा हात धरून तापीच्या घाटापर्यंत गेले. पायरीवर बसलो. बाबांची आठवण काढली, आईची काढली.  ह्यांचा फोन – "कधी येतेस?" म्हटलं, संक्रांतीला.

१२ जानेवारी
बॅग भरत होते. मनीषा दार लोटून आत आली, खुब्यावर हात ठेवून उभी राहिली. "आत्या, माझंपण इथंच दुखतंय. दिवाळीच्या आधीपासून. कोणाला बोलले नाही."
ह्यांना कळवलं, इतक्यात येत नाही. उद्या तिला घेऊन डॉक्टरांकडे जाते.