दहाच्या आत

३ डिसेंबर

साडेतेरा! शाळेच्या अंगणातल्या तापमापकाला दोन टिचक्या मारल्या – जसा काही तो घाबरून खाली उतरणार आहे. तामसीच्या शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवते मी, आणि टिचक्या मारते!

पत्रक माझंच: 'पारा दहाच्या आत आला की तीन दिवसांनी गारठा दौड.' दोन वर्षं झोकात झाली. हैदराबादची माणसं कुडकुडायची हौस भागवायला येतात, गावात राहतात, पिठलं-भाकरी खातात, कानटोप्या नेतात. आमचे विनय म्हणत होते, सरळ तारीख ठरव. पण मला शास्त्रशुद्ध व्हायचं होतं ना! व्हा आता.

९ डिसेंबर

बारा. शाळा झाडणारी पंचफुला नेहमीसारखी माझ्याआधी हजर. तिच्या बचत गटाने माझ्या शब्दावर तीनशे कानटोप्या विणल्यात. त्यापायी कापूस वेचायला गेल्या नाहीत बाया. आज झाडू टेकवून म्हणाली, "मॅडम, थंडी कवा येऊन राह्यली? वेचनी तं सरून राह्यली."

मी उत्तरेकडच्या वाऱ्यांवर पाच मिनिटं बोलले. तिने पुन्हा झाडू उचलला. फार लाज वाटली मला.

१२ डिसेंबर

पुन्हा बारा. विनय अंगणात बनियनवर चहा पीत बसलेले. ओरडले त्यांच्यावर – लोक बघतील, स्वेटर घाला!

१६ डिसेंबर

साडेदहा. फक्त अर्धा अंश!

मुलांना दरवर्षी बजावते: डोळा पाऱ्याच्या बरोबर समोर हवा, वरून पाहिलं तर आकडा कमी दिसतो. आज वर्गातून स्टूल आणलं. चढले. वरून पाहिलं. पावणेदहा! तसंच वहीत लिहिलं. एकोणीस वर्षांची नोंदवही, एक खाडाखोड नाही तिच्यात – आणि आज हे.

उतरताना स्टूल डुगडुगलं. पंचफुलाने धरलं.

१९ डिसेंबर

दौड झाली. माणसं घामाने निथळत आली. एकाने विचारलं, "मॅडम, यहाँ ठंड कब शुरू होती है?" मी त्याच्यापुढे लिंबू सरबत धरलं. दुसरं काय धरणार!

टोप्या गेल्या अकरा. त्यातल्या चार विनयनी घेतल्या आणि एकावर एक घालून उन्हात हिंडले. माझ्यासाठी. मी घरी येऊन रडले.

२० डिसेंबर

पंचफुलाला सगळं सांगितलं. स्टूल, वही, सगळं. म्हटलं, तुमची वेचणी बुडाली ती माझ्या हट्टामुळे.

तिने पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "मॅडम, मी रोज त्या पाऱ्याच्या फुग्याले ओला फडका गुंडाळत होती. तुमी फाटकात दिसल्या का काढून घेत होती. तुमीच तं शिकवलं माया पोरीले, मीनलले – ओल्या फडक्यानं पारा उतरते मनून."

म्हणजे साडेदहासुद्धा नव्हते! आणि मी बाई स्टुलावर चढले होते.

२१ डिसेंबर

फडका नाही, स्टूल नाही. दोघींनी समोर उभं राहून पाहिलं. साडेचौदा.

वहीवर रेघ मारायला पेन काढलं. "कधीपासून मारू?" विचारलं.

पंचफुला जमिनीकडे बघत म्हणाली, "पयल्या दौडीपासून."