पाणी आणू नकोस

प्रिय पोपटराव,

हे पत्र मुद्दाम हाताने लिहून कुरियरने पाठवते आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि मेसेज केला तर लाल बदामाचं चित्र पाठवून मोकळा होतोस. कागद निदान मध्येच तोंड घालत नाही. तुझं वाचन पुस्तकांच्या मलपृष्ठापुढे जात नाही हे मला ठाऊक आहे, पण हे शेवटपर्यंत वाच. मोठी बहीण म्हणून एवढं मागायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

गेल्या शुक्रवारी तू आमच्या कंपनीत शिबिर घ्यायला आलास. तुझ्या मागच्या पडद्यावर 'खरे व्हा' असं लिहिलं होतं आणि त्याखाली तुझा तो फोटो, ज्यात टक्कल दिसत नाही. शर्टाच्या बाह्या मोजून दोन घड्या घालून वर केलेल्या. मग तू बूट काढलेस. मी तुमच्यासमोर कसलंही कवच न घालता उभा आहे, असं काहीतरी म्हणालास आणि आमचे साहेब भारावून खुर्चीत पुढे सरकले. मी तिसऱ्या रांगेत होते. तू पाय उचललास की मोज्याच्या तळव्याला चिकटलेला किमतीचा कागद मला दिसत होता. खास त्या दिवसासाठी आणलेले मोजे. कवच काढायची तयारी तू दुकानात जाऊन केली होतीस.

त्यानंतर पिवळ्या चिठ्ठ्यांचा खेळ. प्रत्येकाने आपला मुखवटा कोणता ते लिहायचं आणि भिंतीवर डकवायचं. साहेबांनी लिहिलं, मी वरून कडक आहे पण आतून फार हळवा आहे, आणि स्वतःच लिहिलेलं वाचून स्वतःच डोळे पुसले. स्वागतकक्षातल्या मुलीने लिहिलं की मी दिवसभर उगाच हसते. तू तिला सगळ्यांदेखत सांगितलंस की आतून येत नसेल तर हसू नकोस. झालं. सोमवारी एक आजोबा कानाचं यंत्र दुरुस्तीला घेऊन आले, त्यांना ऐकू येत नव्हतंच, त्यात तिचा चेहरा बघून त्यांना वाटलं आज बंद आहे, आणि ते आल्या पावली परत गेले. साहेबांचं तर विचारू नकोस. शनिवारी सकाळी त्यांनी गोदामवाल्या काकांना बोलावून सांगितलं की मला तुम्ही पहिल्या दिवसापासून आवडत नाही, आता मी मनातलं बोलायचं ठरवलंय. एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर हे ऐकायला मिळालं. काका खाली गेले आणि संध्याकाळपर्यंत खोक्यांना चिकटपट्टी लावत बसले, ज्यांना आधीच लावलेली होती त्यांनाही. एका दिवसात तू दोन उद्धट माणसं तयार करून दिलीस आणि वर फुलांचा गुच्छ घेऊन गेलास.

इथवर मी हसून सोडलं असतं. तुझा धंदा आहे, कर. लोकांना 'तुम्ही जसे आहात तसे छान आहात' हे ऐकायला दिवसभर बसवून ठेवता येतं, याचं मला नेहमीच नवल वाटत आलंय. पण मग दिवे मंद झाले, तू खुर्चीत उलटा बसलास, आवाज खाली आणलास आणि तुझ्या लहानपणाची गोष्ट सुरू केलीस.

नव्या शाळेतला पहिला दिवस. बाई एकेकाला उभं करून नाव विचारताहेत. एक मुलगा उभा राहतो आणि त्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही. ओठ मिटतात ते उघडतच नाहीत. वर्ग वाट बघतो, बाई वाट बघतात, मुलाच्या गळ्याच्या शिरा फुगतात. आणि मग तो मुलगा डोळे मिटतो, श्वास घेतो आणि आपलं नाव खणखणीत सांगतो. सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. तू म्हणालास, तो मुलगा आज तुमच्यासमोर उभा आहे. माझ्या शेजारची हिशेबनीस मुळूमुळू रडत होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, भाऊ किती सोसून वर आलाय हो तुमचा.

तू कधी अडखळलास रे? तू जन्मल्यापासून बोलतो आहेस. आई म्हणायची, याला दूध पाजताना गप्प करावं लागतं. तो मुलगा मुलगी होती, दहा वर्षांची होती, आणि ती तिसऱ्या रांगेत हिशेबनीस बाईच्या हातात हात देऊन बसली होती. आणि टाळ्या? वर्ग हसला होता. टाळ्यांचा शोध तुझा.

खरं काय झालं ते तुला आठवत नसेल तर सांगते. मी डबा घरी विसरले होते. तू पहिलीत होतास, आईने तुझ्याजवळ तो दिला होता आणि तू तो घेऊन आमच्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिलास. मी बाकाशी उभी होते, ओठ मिटलेले. तू थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस आणि दारातूनच माझं नाव मोठ्याने सांगून टाकलंस. नाव, आडनाव, वर घराचा क्रमांक आणि गल्लीसुद्धा, कारण हरवलास तर काय सांगायचं हे आईने तुझ्याकडून पाठ करून घेतलं होतं आणि तू तेच सगळं म्हणालास. वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, बस. मी बसले. तुला वाटलं आपण ताईला वाचवलं, आणि त्या दिवशी मलाही तसंच वाटलं. घरी आल्यावर बाबांनी सगळी हकिकत ऐकली आणि तुझं नाव पोपट ठेवलं.

तेव्हापासून तू माझ्या वतीने बोलत गेलास. दुकानात तू, डॉक्टरकडे तू, फोनवर तू. मी नुसता डोळ्यांनी इशारा करायचा. तू सहा वर्षांचा असताना वाण्याशी मोठ्या माणसासारखा बोलायचास, समोरच्याच्या तोंडाकडे बघून त्याला काय ऐकायचंय ते ओळखायचास. आज ज्या जिभेवर तुझं घर चालतं, ती जीभ माझ्यासाठी बोलून बोलून तयार झाली आहे. हे तू पडद्यावर कुठे लिहिलेलं मला दिसलं नाही.

माझ्या नावाचं पहिलं अक्षर 'प' आहे, तुझ्या टोपणनावाचंही. म्हणून तुला मी आयुष्यात एकदाही पोपट अशी हाक मारलेली नाही, 'ए' म्हणते, तुझ्या कधी लक्षात आलं का? कागदावर मात्र बघ कशी सपासप लिहिते. पोपट, पोपट, पोपट. पाणी मागायचं झालं तर मी 'तहान लागली' म्हणते. आपल्या घराजवळच्या बसथांब्याचं नाव 'पूल', म्हणून मी अकरा वर्षं पुढच्या 'टाकी'चं तिकीट काढते आणि दहा मिनिटं चालत मागे येते. कंडक्टरला वाटतं मी टाकीपाशी राहते. एकदा तर त्याने मला तिकडच्या नव्या दवाखान्याचा पत्ता विचारला, आणि मी हातवारे करून सांगितला.

आता भाषणानंतरचं. तू मोजे घालून तसाच माझ्याकडे आलास, खांद्यावर हात ठेवलास, साहेब आणि हिशेबनीस शेजारीच होते. तू हळूच म्हणालास, "ताई, चाललं ना? तुझं नाव कुठे आणलं नाही मी." जणू काही उपकार केलेस. मला एकच शब्द बोलायचा होता. परवानगी. माझी परवानगी घेतली होतीस का, एवढंच. पण तो मेला शब्दही 'प'चाच. ओठ मिटले. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस, तुझ्या जुन्या सवयीने अर्ध्या क्षणात ओळखलंस, आणि चुकीचं ओळखलंस. "पाणी? पाणी हवंय ताईला," असं म्हणत धावलास आणि कागदी पेल्यात पाणी घेऊन आलास. साहेब म्हणाले, काय भाऊ आहे, न बोलता ओळखतो. मी ते पाणी प्यायले. तहान नसताना, सगळ्यांसमोर, तळापर्यंत. इतका तिरस्कार मला कुणाचाच कधी वाटला नव्हता, आणि घरी चालत येताना, टाकीपासून पुलापर्यंत, तो तुझ्यावरून हळूहळू माझ्यावर आला.

कारण लबाडीत मी तुझ्या चार पावलं पुढे आहे. तू एक दुपार माझ्या जागचा अडखळणारा मुलगा झालास. मी वीस वर्षं 'शांत स्वभावाची बाई' म्हणून वावरते आहे. ऑफिसात सगळे म्हणतात, किती शांत, कधी कुणाला उलटून बोलत नाही. मी शांत नाही रे. माझ्या पोटात सकाळी नऊपासून शिव्या सुरू असतात. आमच्या साचेघराच्या प्रमुखाला डावा कान आणि उजवा कान ओळखता येत नाही. एका बाईला त्याने उजव्या कानाचा साचा डाव्यासाठी पाठवला आणि तो कानात नीट न बसता शिट्ट्या मारतो म्हणून परत आला, तेव्हा म्हणाला, बाईंचा कानच वेडावाकडा आहे. मी मूग गिळून बसले. लोकांच्या कानातला ठसा घेऊन त्यावरून यंत्राचा साचा घासणं हे माझं काम, बोटाने फिरवून बघितला तरी मला कळतं की हा बसणार की शिट्टी मारणार. साहेबांनी तीनदा मला त्या प्रमुखाच्या जागेवर बसायला सांगितलं. तिन्ही वेळा मी म्हटलं, मला टेबलावरच बरं वाटतं. नम्र म्हणून माझं कौतुक झालं. खरं कारण हे की प्रमुखाला दर सोमवारी उभं राहून बोलावं लागतं.

आणि एक गोष्ट, जी तुला आणि मलाच माहीत आहे. घड्याळ दुरुस्त करणारा तो उंच माणूस, ज्याचा दर रविवारी फोन यायचा. तो तासभर एकटाच बोलायचा आणि मी हं हं म्हणायचे, आणि मला वाटायचं याला चालेल, याला सांगता येईल. ज्या रविवारी त्याने विचारलं की लग्नाबद्दल तुझं मत काय ते एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे, मी फोन तुझ्या हातात दिला. तू म्हणालास, ताईला बरं नाही. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. बरीच वर्षं मी त्याचं खापर तुझ्या डोक्यावर फोडत आले. पण फोन तुझ्या हातात कोंबला होता मीच.

सोमवारी प्रमुखाने राजीनामा दिला. त्यालाही म्हणे तुझ्या चिठ्ठीवर आपला खरा मार्ग सापडला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तुझी ऋणी आहे. साहेबांनी मला चौथ्यांदा बोलावलं, आणि मी पुन्हा टेबलाचं सांगणार तेवढ्यात खिडकीतून मला गोदामवाले काका दिसले, चिकटपट्टीचा गुंडाळा घेऊन उभे, साहेबांच्या दाराकडे न बघता. मी हो म्हटलं. 'हो' मला नेहमीच सहज म्हणता येत होतं, कधी म्हटलंच नव्हतं. मग लागलीच सांगितलं की काका माझ्या साचेघरात येतील. या वाक्याला दोन मिनिटं लागली. साहेब घड्याळाकडे बघत होते. मी घड्याळ बघू दिलं आणि वाक्य पूर्ण केलं.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. येत्या शुक्रवारी तुझ्या शिबिराचा दुसरा दिवस आहे, आणि सुरुवातीला साचेघराची नवी प्रमुख पाच मिनिटं बोलणार, असं साहेबांनी कार्यक्रमपत्रिकेत छापून टाकलंय. तू पहिल्या रांगेत असशील. मी उभी राहीन, सगळ्यांना माहीत असलेलं माझं नाव सांगायचा प्रयत्न करीन, आणि माझे ओठ मिटतील. ते उघडतील की नाही मला माहीत नाही. कदाचित पाचही मिनिटं त्यातच जातील. डोळे मिटून श्वास घेतल्याने काही होत नाही, मी हजारदा घेऊन बघितलाय, ते तुझ्या श्रोत्यांसाठी ठेव. हसणारे हसतील, हिशेबनीस रडेल, तुझे हात शिवशिवतील. माझ्या तोंडाकडे बघून तुला शब्द ओळखू येईल, तू तो दारातून सांगून टाकलास तेव्हाही ओळखलाच होतास. या खेपेला दारात नुसता उभा राहा. माझा शब्द माझ्या आधी म्हणू नकोस. आणि पाणी आणू नकोस.

तुझीच,
(नाव शुक्रवारी तोंडाने सांगेन. वेळ लागेल, बसून राहा.)