सलामीचं पाकीट

अहेरी

प्रिय बिलाल,

हे वाचून लगेच फोन लावू नको. फोन तुझ्या अब्बांच्या उशाशी राहते अन् घंटी वाजली का कोणाचा आहे ते तेच पहिले पाहतात. म्हणून तर लिहून राह्यली. तुले उर्दू धड वाचता येत नाई, म्हणून मराठीत. ट्रॅव्हल्सवाल्या पत्रूभाऊच्या हाती नागपूरले पाठवते. आधी एवढं समजून घे का अब्बा जिवंत आहेत, घरी आहेत, पेज पिऊन राह्यले. आता बसून वाच.

मागच्या शुक्रवारी नमाज पढून आले ते पोट धरूनच. आधी उलटी, मंग जुलाब, अन् अंगात असा ताप का हात लावला तर चटका बसे. मी म्हणलं दवाखान्यात चला, तर म्हणे, खाटकाले कधी पोटाचं दुखणं होते का! असं म्हणता म्हणता ओट्याशीच खाली बसले, मले उठवेनात. शेजारच्या आशाबाईच्या जावयानं ऑटो आणला तवा कुठी नेलं. सलाईन लागली. डॉक्टरीणबाईनं विचारलं, काय खाल्लं होतं? तर म्हणे, बाजारातली मच्छी. त्या हप्त्यात घरात मच्छीचं खवलं आलं नव्हतं. बाई पुन्हा पुन्हा म्हणे, खरं सांगा, त्यावर इलाज ठरते. पण हा माणूस मच्छीवरून हलायले तयार नाई! मले भल्ला राग येऊन राह्यला होता. माणूस डोळ्यादेखत वाळून चालला अन् खोटं बोलून राह्यला, कोणासाठी?

तुले त्यांचा धंदा माहीत आहे. पहाटे कापलेलं दुपारपर्यंत विकायचं, उरलं तर वाटून टाकायचं, पण बर्फात ठेवायचं नाई. तू सलामीच्या कंपनीत लागला तवा ते काय काय बोलले ते तुले पाठ आहे, मी पुन्हा उगाळत नाई. खाटकाच्या पोरानं पाकिटातलं मटण बनवावं, हे त्यांच्या गळ्याखाली उतरलंच नाई. अन् तूही त्यांचाच! अब्बा स्वतः बोलावतील तवाच येईन म्हणला अन् तिकडेच बसला. पण तुझा थर्माकोलचा डब्बा काही चुकला नाई. धुरी दिलेल्या मटणाचे ते सलामीचे काप, सॉसेज, अन् पत्रूभाऊच्या तोंडी तुझा निरोप: फ्रीझरमधून काढलं का रातभर फ्रीजच्या खालच्या खणात ठेव, ओट्यावर ठेवू नको, एकदा नरम पडलं का पुन्हा गोठवू नको. मी तसंच करत आली बेटा. लहान लहान पुड्या करून ठेवते, लागन तेवढीच काढते. एक मोठं पाकीट मात्र न फोडता मागच्या कोपऱ्यात राखलं होतं. ईदले तू आला तर आला, म्हणून. तुझ्या अब्बांनी यातलं कधी तोंडात घातलं नाई. ताटात वाढलं तर बोटानं बाजूले सारत.

सलाईन चालू असताना मी त्यांची लुंगी आणायले घरी आली. ओट्यावर सुपाखाली काहीतरी झाकलेलं दिसलं. उचललं तर तेच मोठं पाकीट! एका बाजूनं कापलेलं, आत पाणी सुटलेलं, कडा करड्या पडलेल्या. अन् बाजूले दुकानाची बारकी सुरी. दुकानाची सुरी घरात आणायची नाई, हा तुझ्या अब्बांच्या अब्बांपासूनचा नेम. तो मोडला होता या माणसानं. मंग सारं ध्यानात आलं. दुपारी मी मोहल्ल्यातल्या पोरींले कुराणाचा सिपारा शिकवायले जाते ना, तवा हे फ्रीझरमधून अख्खं पाकीट काढत. गोठलेले काप सुटत नाईत, म्हणून नरम पडेपर्यंत ओट्यावर ठेवत. मंग सुरीनं एकच काप सोडवायचा, खायचा, अन् उरलेलं पुन्हा फ्रीझरमध्ये. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आपल्या अहेरीच्या या उन्हाळ्यात! मले समजू नये, अन् पाकीट संपूही नये. बकरं कवाचं कापलेलं आहे ते वासावरून सांगणारा माणूस हा. पण तुझ्या त्या मसाल्यानं अन् धुराच्या वासानं त्यांचं नाक फसलं.

मी तशीच उलट्या पावली दवाखान्यात गेली अन् डॉक्टरीणबाईले सारं सांगून टाकलं. बाईनं औषध बदललं. तुझे अब्बा भिंतीकडे तोंड करून पडले. बाई गेल्यावर माझं मनगट धरलं अन् म्हणाले, बिलालले सांगू नको, त्याले वाटन का त्याच्या डब्ब्यानं बाप मरून राह्यला होता. मंग म्हणाले, मीठ बरोबर टाकते पोट्टा. या अल्लाह! इतक्या दिवसांनी तोंडातून पोराचं नाव निघालं, तेही सलाईन लागल्यावर. मी रडली नाई, तिथीच भांडली त्यांच्याशी. नर्स बाहेरून पाहून गेली.

त्यांनी सांगू नको म्हणलं अन् मी सांगून राह्यली. त्यांच्या आजारासाठी तुले बोलवायले हे लिहिलं असं समजू नको, ते आता बरे आहेत. मी फ्रीझर रिकामा केला, तुझं होतं नव्हतं सारं खड्ड्यात पुरलं. यापुढं डब्बा पाठवू नको, एवढंच सांगायले लिहिलं. डब्बा पाठवला का तुले वाटते घरी जाऊन आलो, अन् काप खाल्ला का त्यांले वाटते पोरगा येऊन गेला. तुमचं दोघांचंही भागून राह्यलं बाप्पा, माझं नाई भागत. पुढचा डब्बा आला तर पत्रूभाऊच्या हाती न उघडता वापस करीन, कसम से. माफी मागायले ये, असं मी म्हणतच नाई. भांडायले ये. पण रिकाम्या हातानं ये.

तुझी वाट पाहून थकलेली, तुझीच
अम्मी