आत्या, मी तुला खोटा शेवट सांगितला होता

प्रिय आत्या,

तुझं वर्षश्राद्ध आटोपून काल तुझ्या बेलापूरहून नगरला, सावेडीच्या घरी परत आले. चाळीस वर्षं मनात दाबून ठेवलेली एक गोष्ट तिथे मोकळी झाली. तू असतीस तर समोर बसून सांगितली असती. आता लिहूनच सांगते.

आई-बाबा ऊसतोडीला निघाले की मला तिसगावहून तुझ्याकडे आणून सोडायचे. दर रविवारी सकाळी आपण शेजारच्या गुरुजींकडे टीव्ही बघायला जायचो, आठवतं? तुला ऐकू येत नसे. पण मालिकेचं सुरुवातीचं संगीत लागलं, की तू उठून टीव्हीच्या लाकडी खोक्यावर तळहात ठेवायचीस. आधी बासरी, मग तबला. तबला सुरू झाला की तुझा चेहरा खुलायचा. पोरं हसायची. मलाही तेव्हा लाज वाटायची, हे आज कबूल करते.

पडद्यावरच्या माणसांचे ओठ तुला कळत नसत, समोरच्या ओळखीच्या माणसांचे कळायचे. म्हणून ती काय बोलतात ते मी आवाज न काढता नुसत्या ओठांनी तुला सांगायची.

त्या मालिकेतली बाई नवऱ्याची वाट बघत होती. तूही बघत होतीस. तुझे मालक, आमचे मामा, कामाच्या शोधात गेले ते परतलेच नव्हते. शेवटच्या भागात त्या बाईला पत्र आलं. शेजाऱ्यानं वाचून दाखवलं, नवऱ्यानं शहरात दुसरं लग्न केलंय, तो आता येणार नाही. तू माझ्याकडे वळलीस. मी दहा वर्षांची, काय करणार होते? म्हटलं, "तो येतोय. दिवाळीला येतोय."

"मंग ती रडती का?"

"आनंदानं."

शेवटचं संगीत लागलं, तेव्हा तू जागची उठली नाहीस.

पुढे बाबांनी कितीदा विनवलं, पण तू बेलापूर सोडलं नाहीस. कपाळावर ते ठसठशीत कुंकू. ते दिसलं की वाटायचं, ही अजून मामांची वाट बघतेय, आणि माझ्यामुळे बघतेय. लग्नानंतर मी तुझ्याकडे येणं कमी केलं, ते संसारात गुंतले म्हणून नव्हतं गं. तुझ्या डोळ्यांना डोळा देता येत नव्हता. पण तूही कधी विचारलं नाहीस, का येत नाहीस म्हणून. एकदा तरी विचारायचंस ना?

काल जेवणं झाल्यावर तुझ्या नातीनं, आजीच्या आवडीचं म्हणून, मोबाईलवर तेच संगीत शोधून लावलं. बासरी ऐकली आणि मी उठून मागच्या दारी गेले. मंगलवहिनी, तुझी सून, माझ्यामागोमाग आली. तिला सगळं सांगून टाकलं, तर ती हसायलाच लागली.

"अवो वन्सं, सासूबाईंला समदं ठावं हुतं."

दुसऱ्याच दिवशी तू गुरुजींच्या बायकोला शेवट विचारला होतास म्हणे. तिनं खरं ते सांगितलं, आणि त्या दिवसापासून तू मामांची वाट बघणं सोडलंस. बेलापूरला राहिलीस ती तुझं घर, तुझ्या शेळ्या तिथे होत्या म्हणून. आणि कुंकू? "मला शोभतंय म्हनून लावते," असं तू वहिनीला सांगायचीस.

माझ्याबद्दल घरात सगळ्यांना म्हणायचीस, "लेकराला माजं दुख बघवलं न्हाई. तिला कळू देऊ नका, लाजंल."

म्हणजे तूही गप्प राहिलीस ती माझ्यासाठीच! मी धुण्याच्या दगडावर बसून पोटभर रडले, मग वहिनीबरोबर हसलेही. परतीच्या एसटीत नगर येईपर्यंत गाढ झोपले. तुझ्या घरून निघाल्यावर असं कधीच झालं नव्हतं.

आता एक सांगते. सुरेशदादाला, तुझ्या मुलालाही, हल्ली कमी ऐकू येतंय. डॉक्टरांचं नाव काढलं की तो शेताकडे निघतो. येत्या सोमवारी त्याला इकडे आणते आणि कानाच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जाते. ते जे सांगतील, ते त्याला जसंच्या तसं सांगेन. शब्द देते.

तुझी,
सुमी