राग आला की काळा

नॉटिंगहॅम,
१९ ऑक्टोबर २००८

प्रिय कस्तुरी,

ईमेल न करता पत्र लिहिते आहे, कारण ईमेल बाबाही उघडतात आणि फोन लावला की वरच्या खोलीतला रिसीव्हर उचलून ऐकत बसतात. हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकणार आहे.

बुधवारी झूमध्ये तुझ्या फिजीच्या इग्वानांना भेटून आले. तू ब्रिस्टलला गेल्यापासून ही फेरी माझी एकटीचीच. मादी काचेला पोट लावून बसली होती, हिरवीगार. नराच्या अंगावर ते फिकट निळे पट्टे. शाळेची मुलं काच बडवायला लागली आणि तो पाहता पाहता काळा पडला. राग आला की असाच होतो, कीपर म्हणाली. इग्वाना म्हणजे शेवटी सरडाच, आणि आपल्याकडे माणसाला सरडा म्हणणं ही शिवी आहे. एमएस्सीला प्राणिशास्त्र शिकले तेव्हापासून मला ती पटत नाही. हा प्राणी रंग बदलतो तो मनातलं सांगायला. रंग तसाच ठेवून खोटं बोलायला माणूस लागतो.

फिजीच्या इग्वानांच्या दोनच जाती म्हणत होते, त्यात आता तिसरी निघाली म्हणे. तुला माझ्याआधी कळलं असणारच. इतकी वर्षं ती तिथेच होती, कुणी नीट पाहिलं नव्हतं.

तुला एक सांगितलेलं नाही. १९७४ साली इथल्या युनिव्हर्सिटीत मला संशोधन सहायकाची जागा मिळाली होती. सरड्यांवरच काम होतं. परीक्षितदादा दोन वर्षांचा होता, बाबा ज्युनिअर डॉक्टर. नेमणुकीचं पत्र आलं त्याच आठवड्यात बाबांच्या पोटात कळा सुरू झाल्या. अल्सर आहे, ते स्वतःच म्हणाले. मी त्यांना मऊ भात आणि ताक देत राहिले. आजारी नवरा आणि लहान मूल सोडून कुठे जाणार, म्हणून नकार कळवला. त्याच शनिवारी मित्राकडे त्यांनी तिखटजाळ मिसळ दोनदा मागून घेतली. पोट पुन्हा कधी दुखलं नाही. चौतीस वर्षं झाली, मी ती मिसळ विसरलेले नाही.

तू जानेवारीत फिजीच्या बेटावर जाणार, सहा महिने राहून रात्री टॉर्चच्या उजेडात झोपलेले इग्वाना मोजणार, हे सांगितलंस तेव्हा बाबा हसले होते. पाली मोजायला पीएचडी लागते होय, म्हणाले. तुझ्यासमोर तेवढंच. तू गेल्यावर मात्र प्रत्येक जेवणाला लग्नाचं वय, जंगल, कोण कुठली माणसं, हेच. मला जेवण जाईना. शेवटी मी त्यांना सांगितलं, ती जाणार.

मग तो रविवार. दुपारी त्यांनी छातीवर हात ठेवला. मी घाबरून तुला फोन लावला, असं तुला वाटतं. मी ॲम्ब्युलन्ससाठी ९९९ लावायला रिसीव्हर उचलला होता. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, नंबर फिरवला तो तुझा, आणि घंटा वाजायला लागल्यावर रिसीव्हर परत माझ्या हातात दिला. ॲम्ब्युलन्स नको म्हणाले. तीस वर्षं हृदयाचे पेशंट तपासलेला माणूस, छातीत दुखत असताना घरी बसून राहिलेल्यांना झापणारा माणूस. मग तू त्यांच्याशी बोललीस, आणि रडत रडत ‘नाही जात मी, बाबा’ म्हणालीस. फोन ठेवून त्यांनी चहा मागितला. साखर जरा जास्त घाल, म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. रंग जसाच्या तसा.

हॉस्पिटलात तपासून घेऊ म्हटलं, तर मी स्वतः डॉक्टर आहे हे उत्तर. शुक्रवारी शिडीवर चढून छताच्या पन्हळीतली पानं काढत होते. शिडी मी धरली होती. तेव्हा पोट होतं, आता छाती आहे.

येत्या गुरुवारी तू तुझ्या प्रोफेसरांना नकार कळवणार आहेस. कळवू नकोस. त्यासाठीच हे पत्र. तू निघालीस की बाबांच्या छातीत पुन्हा दुखेल. तुला फोन येईल. आईला द्या, एवढंच म्हण आणि सामान भरत राहा. दुखणं खरं असलं तर ॲम्ब्युलन्स, खोटं असलं तरी ॲम्ब्युलन्स. या वेळी नंबर मी फिरवणार आहे.

तुझीच, शिडी धरून उभी असलेली,
आई