धरतीसारखी सोशिक

तीर्थरूप आईस, इतक्या लांबून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. छापखान्यात दिवसभर कादंबऱ्यांची प्रुफं तपासते. त्यांतल्या नद्या आणि बाया नुसत्या सोसत असतात बघ! परवा एका कादंबरीत आलं, 'आई धरतीसारखी सोशिक होती.' मला तू आठवलीस, ओढ्याकाठचं झाड तोडायला आलेल्यांपुढे विळा घेऊन उभी राहिलेली. मी ती ओळच खोडली. साहेब चिडले, "बाई, तुम्ही फक्त चुका काढा." म्हटलं, "चूकच होती ती."

माझ्या खिडकीसमोर नुसती भिंत आहे. ओढ्याला पाणी आहे का गं? झाडाखाली बसतेस ना?

तुझ्या प्रत्येक पत्रात 'माझी काळजी करू नकोस' असतं. तीही ओळ मी खोडली आहे. गुडघा कसा आहे, ते खरं लिही.

तुझीच,
धाकटी